अबोल धमकी

धमकी हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे उगारलेली मूठ येते, निदान दटावणीचे चार शब्द तरी कानांत घुमू लागतात. धमकी देणाऱ्याला तोंड असते आणि त्या तोंडून काहीतरी बाहेर पडलेले असते, हे आपण गृहीतच धरून चालतो. पण रात्री दीड वाजता टेलिफोनची घंटा वाजावी, घरातल्या एकट्या बाईने झोपेतून उठून रिसीव्हर कानाला लावावा आणि पलीकडे कोणीच बोलू नये. कोणीतरी आहे एवढे मात्र श्वासावरून कळावे. आणि हे आठवड्यातून तीन-चार वेळा, महिनोन्‌महिने घडत राहावे, तर त्यालाही धमकी म्हणायचे काय? ज्याने एक अक्षरही उच्चारले नाही त्याच्यावर आरोप तरी कसला ठेवायचा?

हा निव्वळ वकिली शब्दच्छल आहे असे कोणास वाटेल. आम्हांला तसे वाटत नाही. माणसाने माणसाला केलेली इजा मोजायची कशी, आणि दुसऱ्याच्या मनात भीती उत्पन्न करणे ही स्वतंत्र इजा आहे की केवळ एका भावी इजेची सूचना, हा नीतिशास्त्रातला जुना प्रश्न या घंटेतून आपल्या घरात येऊन उभा राहतो.

तो १९९७ साली इंग्लंडच्या तत्कालीन सर्वोच्च न्यायपीठापुढे, म्हणजे हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे, प्रत्यक्षच उभा राहिला. खटला ‘आयर्लंड’ या नावाने ओळखला जातो. देशाशी त्याचा संबंध नाही, ते आरोपीचे आडनाव. या इसमाने १९९४ साली तीन महिन्यांच्या काळात तीन स्त्रियांना वारंवार फोन केले. बहुतेक फोन रात्रीचे. तो बोलत नसे. कधी जोराने श्वास घेई, एवढेच. त्या स्त्रियांची झोप उडाली, छातीत धडधड सुरू झाली, घाम फुटू लागला, चक्कर येऊ लागली. मनोविकारतज्ज्ञाने त्यांना तपासून त्यांच्या आजाराविषयी साक्ष दिली. आरोपीने खालच्या न्यायालयात गुन्हा कबूल केला, तीन वर्षांची शिक्षा झाली, आणि मग त्याच्या वतीने अपिलात असा मुद्दा मांडण्यात आला की जे कबूल केले तो मुळात गुन्हाच नव्हे.

मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. ज्या कायद्याखाली शिक्षा झाली तो १८६१ सालचा. ग्रॅहम बेल यांना टेलिफोनचे पेटंट मिळाले १८७६ साली. कायदा करणाऱ्यांच्या मनात मुठी होत्या, काठ्या होत्या, चाकू होते. तारेतून येणारी शांतता त्यांच्या स्वप्नातही नव्हती. त्या कायद्यानुसार ‘हल्ला’ म्हणजे समोरच्याच्या मनात तत्काळ होणाऱ्या बळाच्या प्रयोगाची धास्ती निर्माण करणे. प्रत्यक्ष स्पर्श झालाच पाहिजे असे नाही, पण धास्ती ‘तत्काळ’ची हवी. शिवाय शब्दांविषयी इंग्रजी न्यायालये पूर्वीपासून संकोची होती. १८२३ सालच्या एका खटल्यात न्यायाधीशांनी सांगितले होते की नुसते शब्द किंवा गाणी हल्ल्याच्या बरोबरीची ठरत नाहीत. त्याच्याही आधीचा, १६६९ सालचा एक किस्सा कायद्याच्या विद्यार्थ्यांना अजून शिकवतात: एका गृहस्थाने तलवारीच्या मुठीवर हात ठेवला आणि म्हटले, सध्या गावात न्यायाधीशांचा दौरा नसता तर तुझे असले बोलणे मी ऐकून घेतले नसते. हात तलवारीवर आहे, पण शब्द सांगतात की आज तलवार निघणार नाही. म्हणून हल्ला नाही. म्हणजे शब्दाने हल्ला पुसता येत होता, पण घडवता येत नव्हता. आणि शब्दाची जिथे ही गत, तिथे मौनाला कोण विचारतो?

लॉर्ड स्टेन यांनी मुख्य निकालपत्र लिहिले. हावभावाने हल्ला होऊ शकतो पण शब्दांनी कधीच नाही, हे म्हणणे वास्तवाला धरून नाही, असे त्यांनी स्पष्ट केले. बोललेली गोष्ट ही केलेलीच गोष्ट असते. मग ते मौनाकडे वळले. फोन करणारा आपल्या मौनाने भीती घालू इच्छितो आणि ऐकणारीलाही ते तसेच कळते. तो आता काय करील हे तिला ठाऊक नसते. मिनिटा-दोन मिनिटांत तो दाराशी येऊन उभा राहील, ही भीतीही तिच्या मनात असू शकते. ती होती की नव्हती हे पुराव्यावरून ठरवायचे. वैद्यकशास्त्राने मान्य केलेला मानसिक आजार ही शारीरिक इजाच होय, असेही न्यायपीठाने ठरवले. अपील फेटाळले गेले.

या निकालाने न्याय झाला असे आम्ही मानतो. तथापि मनात एक अस्वस्थता राहते, ती लपवून उपयोग नाही. कायदा आधी सांगतो, मग शिक्षा करतो. ही नागरिकाला दिलेली हमी आहे. उद्या न्यायाधीश जुन्या शब्दांत नवे अर्थ ओतू लागले तर सज्जनालाही धोका आहे. हल्ला झाला तेव्हा आरोपी मैलोगणती दूर असेल. ‘तत्काळ’ या शब्दाला इतके ताणायचे का? जगात त्रासदायक फोन तर पुष्कळ येतात. कर्ज वसूल करणाऱ्याचा फोन भीती घालतो. रागावलेल्या मेहुण्याचा फोन घालतो. त्या प्रत्येकाला तुरुंगात पाठवणारा कायदा कोणासही नको असेल. मग रेषा कुठे ओढायची?

आमच्या मते ती रेषा मौनाच्या स्वरूपातच शोधली पाहिजे. एकोणीसशे नव्वदच्या दशकात मुंबईने खंडणीचे फोन पाहिले; बांधकाम व्यावसायिक, हॉटेलमालक, चित्रपटनिर्माते त्या आवाजांनी हैराण झाले होते. पुढे १९९९ साली संघटित गुन्हेगारीविरुद्ध महाराष्ट्राने स्वतंत्र कायदा केला. ते फोन कितीही भयंकर असले तरी त्यांत एक मागणी असे. आकडा असे, मुदत असे. ऐकणाऱ्याला निदान हे कळे की आपल्याकडून काय हवे आहे. तो पोलिसांकडे जाई, घासाघीस करी, शहर सोडून जाई. न बोलणाऱ्याची मागणीच नसते. त्यामुळे ती पुरी करण्याचा किंवा नाकारण्याचा मार्गच खुला नसतो. संत थॉमस अक्वायनस यांनी भयाचे विवेचन करताना म्हटले आहे की भयाचा विषय म्हणजे भविष्यातील, ज्याचा प्रतिकार करणे कठीण आहे असे अनिष्ट. न बोलणारा ते भविष्य कोरेच ठेवतो आणि ते भरण्याचे काम ऐकणारीच्या कल्पनेवर सोपवतो. तिची स्वतःची कल्पनाशक्ती तो तिच्यावरच हत्यारासारखी वापरतो. रिसीव्हर खाली ठेवल्यावर फोन संपतो. कल्पना चालू राहते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या ‘संभाषणा’त एकाच बाजूला मौन असते. दुसऱ्या बाजूला ती बोलत असते. पहिल्या रात्री ती झोपाळू आवाजात ‘हॅलो’ म्हणते. पाचव्या रात्री तोच शब्द कापऱ्या आवाजात येतो, दहाव्या रात्री ती चिडून, रडून विचारते, ‘कोण आहे? काय पाहिजे?’ हे सगळे त्याला ऐकू जाते. आपल्या कृत्याचा परिणाम काय होत आहे याची वर्दी त्याला प्रत्येक वेळी, तिच्याच तोंडून, मिळत असते. ती मिळूनही तो पुन्हा फोन करतो. ‘मला कल्पना नव्हती’ किंवा ‘गंमत केली’ हा बचाव दगड मारून पळणाऱ्या पोराला कदाचित शोभेल. अकराव्यांदा नंबर फिरवणाऱ्याला तो कसा उपलब्ध असेल?

इथे आपल्या धर्मपरंपरेत पडून असलेले काही विचारधन उपयोगी पडते असे आम्हांला वाटते. डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशूने ‘खून करू नको’ या आज्ञेचा पल्ला हातापासून जिभेपर्यंत आणि जिभेपासून अंतःकरणातल्या रागापर्यंत नेला, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. १९९२ सालच्या कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथात पाचव्या आज्ञेच्याच विवेचनात, अपहरणाविषयी बोलताना, धमक्यांनी माणसावर असह्य दडपण आणण्याचा उल्लेख आहे. म्हणजे शरीराला हात न लावताही पाचवी आज्ञा मोडता येते, यात आपल्याला नवे काही नाही.

पण अधिक उद्‌बोधक वाटते ते ख्रिस्तसभेच्या विधिशास्त्राने भीतीकडे कसे पाहिले ते. विवाहाची संमती भीतीपोटी दिली गेली तर विवाह अवैध ठरतो, ही जुनी शिकवण. भीती किती मोठी हवी, हा प्रश्न अर्थातच आला. रोमन विधिज्ञ गायस याने एक माप देऊन ठेवले होते: मूर्खाला वाटणारी भीती जमेस धरायची नाही, अत्यंत खंबीर माणसालाही जी रास्तपणे ग्रासून टाकील तीच धरायची. हे माप शतकानुशतके टिकले. परंतु धर्मविधिज्ञांच्या लक्षात आले की सगळी माणसे खंबीर पुरुष नसतात. सोळा वर्षांची मुलगी आणि पन्नाशीचा सरदार यांना एकाच तराजूत घालता येत नाही. जी भीती एकाला क्षुल्लक ती दुसऱ्याला, त्याचे वय, परिस्थिती, अवलंबित्व पाहता, गंभीर असू शकते. १९१७ च्या संहितेत ‘अन्यायाने घातलेली’ गंभीर भीती असे शब्द होते. १९८३ च्या संहितेतील कलम ११०३ ने ‘अन्यायाने’ हा शब्द काढला आणि भीती हेतुपुरस्सर घातलेली नसली तरी चालेल, अशी पुस्ती जोडली. मापाचा काटा धमकावणाऱ्याच्या मनाकडून भ्यालेल्याच्या मनाकडे सरकला. फौजदारी कायद्याला अर्थातच इतके पुढे जाता येत नाही, कारण तिथे माणसाला तुरुंगात टाकायचे असते आणि हेतू पाहावाच लागतो. तरीही दिशा तीच आहे. कॅनडाने १९९३ साली आपल्या दंडसंहितेत ‘फौजदारी छळ’ हा नवा गुन्हा घातला. त्यात वारंवार पाठलाग करणे, वारंवार संपर्क साधणे या कृत्यांनी समोरच्या व्यक्तीला सर्व परिस्थिती पाहता रास्तपणे आपल्या सुरक्षिततेची भीती वाटली काय, असे विचारले जाते. ‘सर्व परिस्थिती पाहता’ या तीन शब्दांत ती एकटी राहते, ती रात्रपाळीवरून परतते, त्याच माणसाशी तिने लग्न मोडले होते, हे सगळे येते.

इंग्लंडच्या निकालात मात्र एक उणीव राहून गेली, आणि ती आम्हांला सर्वांत बोचते. न्यायपीठाने म्हटले की मान्यताप्राप्त मानसिक आजार ही इजा. निव्वळ भीती, मनस्ताप, अस्वस्थता ही इजा नव्हे. जुन्या कायद्याच्या चौकटीत त्यांना दुसरे काही म्हणता आले नसते हे खरे. पण परिणाम पाहा. दोन बहिणींना सारखेच फोन येतात. एक आजारी पडते, तिच्या बाजूने कायदा उभा राहतो. दुसरी जपमाळ हातात घेऊन, दात-ओठ चावून, रोज कामावर जाते, डॉक्टरकडे जात नाही, कोलमडत नाही. कायदा तिला सांगतो की तुला काही झालेले नाही. तिचे धैर्य तिच्या छळकर्त्याच्या पदरात पुण्य म्हणून पडते.

ही अडचण सुटते ती गुन्ह्याकडे पाहण्याची रीतच बदलली तर. एकेक फोन वेगळा काढून पाहिला तर त्यात काहीच नाही. चुकीचा नंबर लागला असेल, लाइनमध्ये बिघाड असेल, आपल्याकडे ज्याला ‘ब्लँक कॉल’ म्हणतात तसा एक कोरा फोन. चाळीस फोन एकत्र पाहिले तर निराळीच वस्तू दिसते. कुमसाराला जाताना आपण पापाचा प्रकार सांगतो आणि किती वेळा तेही सांगतो. संख्या ही प्रकाराला जोडलेली बाब, असा आपला समज. परंतु ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५५१ साली प्रायश्चित्त संस्काराविषयी शिकवण मांडताना असेही म्हटले होते की ज्या परिस्थितीमुळे पापाचा प्रकारच बदलतो तीही सांगितली पाहिजे. मंदिरातली चोरी ही निव्वळ चोरी राहत नाही, हे त्याचे नेहमीचे उदाहरण. आम्हांला वाटते की अबोल फोनात ‘किती वेळा’ हीच ती परिस्थिती आहे. एकदा केला तर वात्रटपणा, चाळीसदा केला तर एका माणसाच्या घरातली शांती हिरावून नेणे. आणि दुसरे हे पहिल्याचे चाळीसपट नव्हे, त्याची जातच वेगळी.

इंग्लंडने १९९७ सालीच, वरील निकालाच्या महिनाभर आधी, छळापासून संरक्षण देणारा नवा कायदा अमलात आणला. त्याने एकेका कृत्याऐवजी ‘वर्तनक्रम’ पाहायचे ठरवले. किमान दोन वेळा घडलेले वर्तन हवे, आणि आजारपणाचा दाखला लागत नाही. आयर्लंडच्या फोनांना तो लागू झाला नाही, कारण ते आधीचे होते.

आता आपल्याकडे वळू. भारतीय दंडसंहिता १८६० सालची, म्हणजे त्या इंग्रजी कायद्याहून एका वर्षाने थोरली. तिच्यात नाव लपवून दिलेल्या धमकीसाठी कलम ५०७ होते आणि नेहमीच्या शिक्षेखेरीज आणखी दोन वर्षांपर्यंत कैद सांगितली होती. निनावी पत्रांसाठी लिहिलेले ते कलम निनावी फोनलाही बेमालूम लागू पडले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि हीच तरतूद कलम ३५१ मध्ये गेली. पण धमकीच्या व्याख्येत कसल्यातरी इजेचा धाक ‘दिलेला’ असावा लागतो. ज्याने काहीच म्हटले नाही त्याने कोणता धाक दिला, हा वाद आरोपीचा वकील घालणारच. हल्ल्याच्या कलमात तर आपल्याकडे स्पष्टीकरणच जोडलेले आहे की नुसते शब्द म्हणजे हल्ला नव्हे. लॉर्ड स्टेन यांना जी वाट मोकळी होती ती इथे बंद आहे.

२०१३ साली स्त्रीचा पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा झाला, कलम ३५४-ड, आता न्याय संहितेत कलम ७८. चांगली सुधारणा. परंतु तिची वाक्यरचना पाहा: स्त्रीने स्पष्टपणे अनिच्छा दर्शवूनही पुरुषाने जवळीक साधण्यासाठी वारंवार संपर्क केला तर. अनिच्छा दर्शवायची कोणाला? श्वासाला? आणि जो बोलतच नाही तो जवळीक साधू पाहत होता हे सिद्ध कसे करायचे? स्त्रीच्या खासगीपणावर अतिक्रमण करण्याचे कलम ७९ आहे, पण तिथे विनयाचा अपमान करण्याचा हेतू दाखवावा लागतो. शिवाय ही दोन्ही कलमे स्त्रीपुरतीच. रात्री-अपरात्री कोरे फोन एखाद्या वृद्ध विधुराला येऊ लागले, जमिनीच्या वादातून म्हणा की आणखी कशातून, तर त्याने कोणत्या कलमाचा दरवाजा ठोठवावा? ‘वर्तनक्रम’ ओळखणारा आणि स्त्री-पुरुष असा भेद न करणारा कायदा आपल्याला हवा आहे, हे आम्ही स्पष्टच म्हणतो.

कायदा येईल तेव्हा येईल. तोवर ही तक्रार आधी घरात होते, आणि घर तिला कसे उत्तर देते हे आपल्याला चांगले ठाऊक आहे. मुलगी सांगते, ‘फोन येतो आणि कोणी बोलत नाही.’ पहिला प्रश्न: ‘काय म्हणाला?’ काहीच नाही म्हटल्यावर, ‘मग घाबरायचे काय त्यात?’ दुसरा प्रश्न याहून वाईट: ‘नंबर कोणाला दिला होतास?’ आणि चार दिवसांनी वडील ठरवतात की संध्याकाळचा क्लास बंद, किंवा तिच्या हातातला फोनच काढून घ्यायचा. शिक्षा झाली खरी. ती कोणाला झाली एवढेच पाहायचे राहिले. शेजारी सल्ला देतात, ‘उचलूच नकोस.’ सल्ला सोपा आहे. पण मुलगा कुवेतला असतो, नवरा जहाजावर असतो, त्यांचा फोन अवेळीच येतो आणि कधी अनोळखी नंबरवरूनही येतो. टेलिफोन हे आपण प्रियजनांसाठी रात्रंदिवस उघडे ठेवलेले दार आहे आणि छळणारा नेमका त्याच दाराने आत शिरतो. ते लावून घे असे सांगणे म्हणजे मुलाचीही वाट बंद करणे.

छळणारा दर वेळी परकाच असतो असेही नाही. नकार पचवू न शकलेला आपल्याच धर्मग्रामातला एखादा तरुण असू शकतो, रविवारी मिस्साला त्याच बाकावर बसणारा. त्याच्याविषयी कणव वाटणे ख्रिस्ती मनाला साहजिक आहे आणि ‘त्याचे आयुष्य कशाला बिघडवता’ असे म्हणायला वडीलधारी मंडळी पुढे येतात. कणव असावी, पण तिची किंमत त्या मुलीने रात्री जागून मोजू नये. आधी फोन थांबले पाहिजेत, तिला वाटत असलेली भीती खरी आहे हे चारचौघांत मान्य झाले पाहिजे, मग समेटाची भाषा. हा क्रम धर्मगुरूंनी आणि पंचांनी उलटा करू नये.

ज्या घरात असे फोन येत असतील तिथे एक साधी गोष्ट करता येईल. फोनजवळ एक वही ठेवावी; तारीख, वेळ, किती सेकंद, नंबर दिसला तर नंबर, आणि त्या वेळी घरात कोण होते ते लिहावे. पुढचे फोन तिने एकटीने घेऊ नयेत. भावाने, आईने, कोणीही घ्यावेत आणि त्याचीही नोंद करावी. मोबाइलमधली यादी पुसू नये. चाळीस फोन एकत्र दिसतात ते अशा वहीतच, आणि पोलीस ठाण्यातला हवालदार ‘काय म्हणाला?’ असे विचारील तेव्हा त्याच्यापुढे तीच ठेवता येईल. तक्रारीला उशीरही करू नये. कोणत्या क्रमांकावरून कोणत्या क्रमांकाला केव्हा फोन गेला याच्या नोंदी किमान दोन वर्षे जपून ठेवण्याचे बंधन दूरसंचार कंपन्यांवर डिसेंबर २०२१ मध्ये घालण्यात आले. त्याआधी ती मुदत एक वर्षाचीच होती.